आमची वाटचाल : लेथपासून कॅमपर्यंत

आमच्या वर्कशॉपाची सुरुवात गाड्यांपासून झालीच नाही. वडील, म्हणजे अण्णा, सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या वर्कशॉपात टर्नर होते. गिरण्यांचे दिवस फिरले तेव्हा त्यांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला आणि एक जुनं लेथ मशीन टाकलं. कामं सगळी यंत्रमागांची. घासलेले शाफ्ट, बुश, तुटके गिअर. पुढे रिक्षा-टेम्पोवाले यायला लागले, मग सिलेंडर आतून कोरून गुळगुळीत करणारी बोअरिंग आणि होनिंगची मशीनं आली, क्रँक ग्राइंडिंग आलं. मी डिप्लोमा करून हाताखाली आलो तेव्हा धंदा मुख्यतः इंजिनांचाच झाला होता.

जुन्या कारचं काम मात्र आपोआप वाढत गेलं. कुणाच्या आजोबांची पद्मिनी, कुणाची अँबेसेडर, कुणी हौसेनं ठेवलेली जिप्सी. ही मंडळी बोअर करायला यायची आणि जाता जाता विचारायची, "मालक, पिकअप वाढंल का?" आता तर लोक पार्ट मागवूनच येतात. डिकीत मोठा कार्बोरेटर असतो, नाहीतर चकाचक एक्झॉस्टचा सेट, आणि म्हणणं एकच : एवढं बसवून द्या.

इथंच आमचं पहिलं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. एकटा पार्ट आम्ही बसवत नाही.

पद्मिनीचंच घ्या. १०८९ सीसी, चार सिलेंडर, पुशरॉडचं इंजिन. त्यावर नुसता मोठा कार्बोरेटर लावला की त्याच्या गळ्यातून हवा संथ जाते. हवेचा वेग पडला की पेट्रोल नीट फुटत नाही, थेंब थेंब आत जातं. सात रस्त्याच्या सिग्नलला पाय दाबला की गाडी आधी गुदमरते, मग उचलते. इंजिन जोरात फिरताना, म्हणजे वरच्या फेऱ्यांत, थोडा फायदा होईलही, पण हेडचे (सिलेंडरवरच्या झाकणाचे) पोर्ट म्हणजे हवेच्या वाटा, व्हॉल्व्ह आणि ते उघड-बंद करणारा कॅम जेवढी हवा घेऊ देतात तेवढीच आत जाणार. कार्बोरेटरनं दार रुंद केलं, आतली बोळ तशीच.

म्हणून आम्ही सुरुवात कॅमपासून करतो, आणि त्याच्याही आधी एका प्रश्नापासून : गाडी कुठं चालवणार? गावात आणि महिन्यातून एकदा पंढरपूरला, की दर आठवड्याला पुणे हायवेला? इंजिनाच्या कोणत्या फेऱ्यांत ताकद हवी ते ठरलं की कॅम ठरतो, आणि बाकीचे पार्ट कॅमच्या मागून येतात.

कॅम आणि कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलेंडरात मिश्रण किती दाबलं जातं त्याचं, नातं गिऱ्हाइकांना समजावताना मी कागद घेऊनच बसतो. जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. कमी फेऱ्यांत पिस्टन वर चढताना थोडं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. म्हणजे प्रत्यक्ष दाब कमी झाला, खालची ओढ गेली, आयडलिंग खडबडीत झालं. ते भरून काढायला कॉम्प्रेशन वाढवावं लागतं. पद्मिनीच्या एका सिलेंडरचं आकारमान साधारण २७२ सीसी. समजा पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा (चेंबर) गास्केट धरून ४० सीसी भरली, तर कॉम्प्रेशन रेशो ७.८ येतो. तो ९ करायचा तर ती जागा ३४ सीसी हवी. सहा सीसी कमी करायला हेड किती घासायचं, हे नजरेनं ठरत नाही. हेड उलटं ठेवून, वर अॅक्रिलिकची चकती लावून, ब्युरेटनं (मापाच्या काचेच्या नळीनं) प्रत्येक चेंबर भरून मोजतो. चारही चेंबर सारखे निघाले असं जुन्या हेडमध्ये क्वचितच होतं.

उलट बाजूही तितकीच खरी. कॅम मूळचाच ठेवून नुसतं हेड घासलं, तर सोलापूरच्या उन्हाळ्यात मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोकणारच. इथं मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. तापलेली हवा, साधं पेट्रोल आणि चढवलेलं कॉम्प्रेशन अशी गाठ पडली की ठिणगीचं टायमिंग मागं घ्यावं लागतं, आणि मिळवलेलं निम्मं तिथंच जातं. म्हणून थंड हवेच्या देशातले आकडे नेटवरून उतरवून आणले तर मी ते बाजूला ठेवतो. रेडिएटर साफ झालेला नाही तोवर ताकदीची बोलणीच नकोत.

पेट्रोलही बदललं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचा माल त्यात असेल, याचा अभिमान आहे. पण जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम त्यात फुगतात. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यानं कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकावर, म्हणजे मूळ जेटवर, मिश्रण पातळ पडतं. इंजिन उघडलंच आहे तर नळ्या बदलून जेट एक-दोन आकडे मोठा करतो. अँबेसेडरच्या बिडाच्या हेडला व्हॉल्व्ह टेकतात त्या जागी कडक सीट बसवणंही त्यातच येतं, कारण २००० साली देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं आणि त्या शिशावरच या सीटांची जपणूक होत होती.

गंमत अशी की कॅमशाफ्टच्या बाबतीत आमचं गाव जगाच्या नकाशावर आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ साली इथंच उभी राहिली आणि तिचा माल परदेशी मोटार कंपन्यांना जातो. पण एकट्या पद्मिनीसाठी हवा तसा कॅम असा दुकानातून उचलून आणता येत नाही. मग मूळचाच कॅम नव्या प्रोफाइलला (आकाराला) घासून घ्यावा लागतो. त्यालाही मर्यादा आहे. ओतीव कॅमचा कडक थर ठरावीक खोलीपर्यंतच असतो. तो ओलांडून घासला तर कॅम काही महिन्यांत गोल होतो. कॅमचा गोल भाग, म्हणजे बेस सर्कल, लहान झालं की व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा कोन बिघडतो, पुशरॉडची लांबी पुन्हा जुळवावी लागते. व्हॉल्व्हची स्प्रिंगही त्याच कॅमच्या मापाची हवी. नरम असली तर वरच्या फेऱ्यांत व्हॉल्व्ह तरंगतो, वेळेवर बंद होत नाही; गरजेपेक्षा कडक असली तर टॅपेट (कॅमवर टेकणारा भाग) आणि कॅम खाते.

एक्झॉस्टबद्दल थोडक्यात : गावात-हायवेला चालणाऱ्या गाडीला चार-दोन-एक जोडणी (चार पाइप दोनात, दोन एकात) बरी, आणि पाइप उगाच मोठा नको. आवाज मोठा म्हणजे ताकद मोठी, हा समज काढता काढता माझा घसा बसतो.

होटगी रोडचा एक मुलगा झेन घेऊन आला होता. ९९३ सीसी, अॅल्युमिनियमचं इंजिन, हेडमध्येच वर बसणारा कॅम, पट्ट्यावर चालणारा. "काका, हेड फेस करून द्या फक्त." म्हणजे हेडचा तळ घासून. अशा इंजिनात हेड खाली आलं की कॅम आणि क्रँकमधलं अंतर घटतं आणि कॅमचं टायमिंग जरासं मागं सरकतं. अॅडजस्टेबल पुली लावून ते परत जागेवर आणावं लागतं. खर्च ऐकून तो गेला, महिन्याभरानं वडिलांना घेऊन आला. वडिलांशी बोलून आम्ही त्याला पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हच्या सीट-गाईड, कार्बोरेटर साफ, टायमिंग, ब्रेक एवढंच करून दिलं. गाडी इतकी बदलली की कॅमचा विषय त्यानंच सोडला. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त गाड्यांना एवढंच हवं असतं. बिल लहान होतं, अण्णा कुरकुरतात, पण तोच माणूस पुढे चार जणांना पाठवतो.

इंजिनच बदलायचं म्हणणाऱ्यांना आधी आरटीओत पाठवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करण्याबद्दल स्पष्ट आहे, आणि कागदांशिवाय आम्ही हात लावत नाही.

नवा कॅम बसवलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की आयडलिंगवर सोडत नाही. दोन हजारांच्या आसपास वीसेक मिनिटं फिरवतो, कारण कमी फेऱ्यांत कॅमवर पुरेसं तेल उडत नाही. शेजारच्या गाळ्यातले लोक तेवढा वेळ बाहेर येऊन बघत राहतात. डायनो, म्हणजे ताकद मोजायचं मशीन, आमच्याकडे नाही. तुळजापूरचा घाट आहे. चढावर भार देऊन इंजिन ठोकतंय का ऐकायचं, वर थांबून प्लगचा रंग बघायचा, परत येऊन जेट नाहीतर टायमिंग हलवायचं.

गाडी देताना सोबत एक कागद देतो : चेंबरचे सीसी, रेशो, कॅमचं मोजमाप, जेटचे नंबर, टायमिंग, टॅपेटची गॅप. पुढचा मिस्त्री दुसऱ्या गावचा असला तरी त्याला अंधारात चाचपडायला नको. त्याची एक प्रत आम्ही ठेवून घेतो, कारण बरीच गिऱ्हाइकं तो कागद वर्षभरात हरवून परत मागायला येतात.