भरतीवर लक्ष

“तुम्ही किल्ला पाहून या, मी इथे बसून भरतीवर लक्ष ठेवतो,” असे म्हणत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील ७८ वर्षांचे काका आज अलिबागच्या ओल्या वाळूत, चपला शेजारी काढून ठेवून बसले.

ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. परंतु भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे परतण्याचा हिशेब करूनच निघावे लागते, आणि त्या घाईत काकांसाठी चाल थोडी मंदावावी, हे कोणालाही (मलाही) सुचले नाही.

गणपतीचे देऊळ आणि गोड्या पाण्याची पुष्करणी पाहून आम्ही घोटाभर पाण्यातून परतलो, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, “तेवीसही जण आलात, मी मोजले.”

सकाळी आम्ही २४ जण निघालो होतो. किल्ल्यावर पोहोचल्यावर आमच्यापैकी कोणी मोजले होते का?