एका दिवसाचा फरक आणि चौथीचा दाखला

आमच्या पंचवटीतली शाळा चौथीपर्यंतच आहे. चार वर्ग, चार बाई, त्यातल्याच एक मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका आणि त्याच चौथीला शिकवणार, शिपाई म्हणून एक मावशी, आणि मधे फरशीचं पटांगण. क्लार्क वगैरे प्रकार नाही. त्यामुळे वर्ष संपायला आलं की गॅदरिंगचे हिशोब, पेपर तपासणं, प्रगतीपुस्तकं, चौथीचे शाळा सोडल्याचे दाखले सगळं त्याच चौघींच्या डोक्यावर. मी मुद्दाम सांगतेय कारण पुढे आमच्या पोरीच्या दाखल्याचं जे झालं त्यात कोणी कामचुकारपणा केला असं कोणाला वाटू नये. चूक आमच्याच घरातली होती आणि ती इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आली नव्हती.

२०२५ चा मार्च, २९ तारीख, पाडव्याच्या आदला दिवस. मोठ्या बाईंनी चौथीच्या पालकांची शेवटची मीटिंग ठेवली होती. मी श्रीखंडाचा चक्का बांधून ठेवून पळत पळत गेले, म्हटलं अर्ध्या तासात येईन. विषय दोन, एक निरोप समारंभ आणि दुसरा दाखल्याची माहिती तपासणे. बाईंची ही पद्धत मला फार आवडली, दाखला फायनल करायच्या आधी प्रत्येकाला कच्चा कागद हातात देतात आणि म्हणतात, जन्मदाखला काढा, शेजारी ठेवा, एकेक अक्षर वाचा, आईचं नाव, जन्मठिकाण, जात, तारीख अंकात आणि अक्षरात, सगळं. एकदा पोर शाळेतून गेलं आणि दाखला निघाला की मग दुरुस्ती म्हणजे डोक्याला ताप, जे करायचं ते आत्ता, नाव आपल्या पटावर आहे तोवर करा.

मी घरी येऊन चक्का सोडवला, रात्री सगळं आवरल्यावर फाईल काढली. कागदावर पोरीची जन्मतारीख ११ जुलै २०१५, अकरा जुलै दोन हजार पंधरा. जन्मदाखल्यावर १२ जुलै.

मी तीनदा वाचलं. मग आधार काढलं, त्यावर ११. म्हणजे शाळेचं आणि आधारचं जुळत होतं म्हणून इतकी वर्षं ऑनलाइन कुठे लाल रंग दिसला नाही, आणि मनपाचा जन्मदाखला एकटा वेगळा. आणि खरा तोच, कारण पोरगी शनिवारी रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी झाली. मला चांगलं आठवतंय, समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि मी तेवढंच बघत होते.

आता घरचा घोळ ऐका. सासूबाईंच्या हिशोबाने पोर ११ चीच. का, तर सूर्योदय कुठे झाला होता, पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, पोर शनिवारची आहे आणि शनिवारी ११ तारीख होती, संपलं. पत्रिकेतही शनिवारच. वाढदिवसाचं औक्षण कायम ११ ला. त्यात तेव्हा गावात सिंहस्थाची गडबड, १४ जुलैला रामकुंडावर ध्वजारोहण, जिकडे तिकडे बॅरिकेड, आमची पोर म्हणजे सगळ्यांच्या तोंडी कुंभमेळ्याची पोर, तारखेकडे लक्ष कोणाचं होतं? पुढे वर्षभराने आधारचा कॅम्प लागला तेव्हा माझे सासरे तिला कडेवर घेऊन गेले आणि विचारल्यावर बिनधास्त सांगून आले, अकरा जुलै. तेव्हा तोंडी सांगितलेली तारीखही चालून जायची. मग २०२१ ला पहिलीत नाव घातलं ते कोरोनात, शाळा बंद, ॲडमिशन व्हॉट्सअपवर. मी कागदांचे फोटो पाठवले, त्यात जन्मदाखल्याचा ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेला फोटो असा काही आला होता की तारखेवर नुसता पांढरा पट्टा. आधारचा फोटो मात्र स्वच्छ. बाईंनी त्यावरून लिहिलं. झालं.

नवरा म्हणाला, राहू दे ना, एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय, जन्मदाखला मागतंय कोण? माझं डोकंच फिरलं. म्हटलं पासपोर्टला मागतील, उद्या दहावीच्या सर्टिफिकेटवर हीच तारीख जाईल, मग ती पोरगी वीस वर्षांची असताना आपल्याला शिव्या घालत फिरेल. आणि गंमत बघा, महिन्यापूर्वीच २७ फेब्रुवारीला शाळेत मराठी भाषा गौरव दिन झाला, नाशिकच्या शाळेत तो म्हणजे घरचंच कार्य, आमच्या लेकीने माइकवर ठणकावून सांगितलं होतं की कुसुमाग्रजांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२. तात्यासाहेबांची तारीख पाठ आणि स्वतःची चुकीची!

सोमवारी रमजान ईदची सुट्टी होती, मंगळवारी सकाळीच शाळेत गेले. मला वाटलं बाई वैतागतील. त्यांनी चष्मा वर केला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "बरं झालं आत्ता दिसलं." मग क्रम सांगितला. आधी आधार दुरुस्त करा, कारण जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या मूळ नोंदवहीत, १२ केली आणि आधारला ११ राहिली तर यूडायसच्या, म्हणजे सरकारच्या शाळा-विद्यार्थी नोंदणीच्या पोर्टलवर तिचं आधार जुळणार नाही, मग अपार आयडी म्हणजे विद्यार्थ्याचा देशभराचा ओळख क्रमांक, त्याचं पण अडेल. आधारला जन्मतारीख एकदाच बदलता येते त्यामुळे तिथल्या माणसाने टाइप केलेलं स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका. तोवर रजिस्टरच्या दुरुस्तीचा प्रस्ताव मी शिक्षण विभागाकडे पाठवते, तिथला आदेश आल्याशिवाय मी स्वतःच्या हाताने तारीख बदलू शकत नाही, कोणीच मुख्याध्यापक बदलू शकत नाही.

मग माझी यात्रा सुरू. मनपाच्या विभागीय कार्यालयातून जन्मदाखल्याची ताजी प्रत काढली, ते काम पटकन झालं. आधार सेंटरला पहिल्या दिवशी टोकन संपले, दुसऱ्या दिवशी मशीन बंद, तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला जाऊन दुसरा नंबर लावला. तेव्हा पन्नास रुपये फी होती, पावती. ऑपरेटर पोरगा चांगला होता, स्क्रीन माझ्याकडे फिरवून म्हणाला, "ताई वाचा." मी वाचली. मग पोरीला वाचायला लावली. मग परत मी वाचली. मागचे लोक चुकचुकायला लागले, म्हटलं चुकचुका.

प्रतिज्ञापत्रासाठी सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडजवळ कोर्टाबाहेर टायपिंगवाल्यांकडे गेले. त्याला सगळी कथा सांगितली, मध्यरात्र, सूर्योदय, पंचांग. तो शांतपणे म्हणाला, मॅडम एवढं नाही लिहायचं, "नजरचुकीने" लिहितो. एका शब्दात सासूबाई, सासरे, कोरोना आणि ट्यूबलाइट सगळे आत.

प्रस्तावाला आमच्याकडून लागलं ते म्हणजे पालकांचा अर्ज, जन्मदाखला, दोघांची आधार, प्रतिज्ञापत्र, आणि शाळेने लावला पहिलीच्या प्रवेश अर्जाचा आणि रजिस्टरच्या त्या पानाचा झेरॉक्स. सगळ्याचे तीन सेट.

त्या झेरॉक्सच्या दिवशीची गोष्ट सांगायलाच पाहिजे. सासरे माझ्याबरोबर आले होते, थोडं अपराधी वाटत होतं त्यांना बहुतेक, बोलत नव्हते. ते स्वतः याच शाळेत शिकलेत. बाईंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, हे एवढं मोठं, लाल कापडाची बांधणी, कडा मऊ झालेल्या. मला समजावं म्हणून एक जुनं रजिस्टरही काढून दाखवलं की दुरुस्ती कशी दिसते, निळ्या शाईची मूळ नोंद तशीच ठेवून त्यावर लाल शाईने एक रेघ, वर नवी तारीख, आणि शेऱ्याच्या रकान्यात आदेशाचा नंबर आणि सही. खोडायचं नाही, व्हाइटनर लावायचं नाही, जुनं पण वाचता आलं पाहिजे. सासरे म्हणाले, माझं सापडेल का हो? बाईंना पेपर काढायचे होते, तरी त्यांनी शोधलं. सापडलं. जन्मतारीख १ जून १९५२. त्यांच्या खालच्या मुलाची १ जून. त्याच्या खालच्याची पण १ जून. अख्ख्या पानावर जूनचा पाऊस! तेव्हा गुरुजी विचारायचे पोर कधीचं, आई सांगायची पोळ्याच्या आसपासचं, मग गुरुजी शाळा सुरू व्हायच्या हिशोबाने १ जून लावून टाकायचे. सासरे ते पान बघत राहिले, मग म्हणाले, "माझा वाढदिवस खरा आखाडातला आहे. हिचं तरी नीट करा." त्या दिवसापासून घरात राहू दे ना म्हणणारं कोणी उरलं नाही.

इकडे शाळेत वर्षाखेरीचं सगळं एकावर एक येऊन पडलेलं. त्या वर्षी राज्यभर एकच वेळापत्रक काढलं, पहिली ते नववीची परीक्षा ८ ते २५ एप्रिल. नाहीतर एरवी पोरं एप्रिलच्या मध्यावर मोकळी होऊन मामाकडे पोचलेली असतात. ऊन असं की पत्र्याखालचा तिसरीचा वर्ग दहानंतर तापायचा, मग त्यांना चौथीच्या वर्गात आणून दाटीवाटीने बसवायचे. आणि निकाल १ मेला लागणार म्हणजे लागणार, म्हणजे बाईंना पेपर तपासायला जेमतेम पाच दिवस. त्यात माझा प्रस्ताव. मला विचारायला जायची लाज वाटायची, पण मी जायचे.

निरोप समारंभ २६ एप्रिलला शनिवारी झाला. तिसरीची पोरं चौथीच्यांना निरोप देतात अशी पद्धत. मावशींनी पहाटे पटांगणात पाणी मारलं होतं. आम्ही आयांनी भेळभत्ता केला, कांदा चिरायची ड्यूटी माझ्याकडे, एकीने निफाडहून द्राक्षं आणली होती, शेवटची तोडणी, साखर नुसती. चौथीच्या बॅचने वर्गणी काढून शाळेला नळाचे दोन मोठे रांजण दिले. भाषणं ठरलेली होती पण पहिल्याच मुलीने "आमच्या बाई" म्हटलं आणि रडायला लागली, तिला बघून दुसरी, मग सगळी लाइन. माझी पोरगी रडली नाही, ती माइक घेऊन म्हणाली की माझी जन्मतारीख चुकल्यामुळे मी अजून शाळेतून गेलेली नाहीये. सगळे हसले. मोठ्या बाई हसता हसता डोळे पुसत होत्या.

१ मेला झेंडावंदन झालं आणि प्रगतीपुस्तकं मिळाली. अ-१, अ-२ बघायचं सोडून मी आधी वर्णनात्मक नोंद वाचते, तिथे लिहिलं होतं, "प्रसंग रंगवून सांगते." ते मी अनुभवलंच होतं.

आधारचा मेसेज तोवर आला होता, १२ जुलै. आदेश मात्र नाही. आणि पाचवीसाठी जिथे नंबर लागला होता तिथल्या खिडकीवर एकच वाक्य, दाखला आणा मग बघू. मी घाबरले. मोठ्या बाईंना फोन केला, सुट्टी लागली होती तरी त्यांनी उचलला. म्हणाल्या, २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात सरळ लिहिलंय, दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, मी बोनाफाइड, म्हणजे ती आमच्या शाळेची असल्याचा दाखला, आणि पत्र देते, दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवलाय म्हणून. ते पत्र घेऊन गेले. खिडकीवरच्या माणसाने आत नेलं, बाहेर आणलं, आणि कच्चा प्रवेश दिला. भांडायची तयारी करून गेले होते, गरजच पडली नाही, थोडं वाईटच वाटलं.

मे महिन्यात मी शिक्षण विभागात चार चकरा मारल्या. तिथे काय झालं ते लिहीत बसत नाही, ज्यांनी अशा चकरा मारल्यात त्यांना माहितीये, टेबल, साहेब मीटिंगला, उद्या या. एकच सांगते, आवक क्रमांक, म्हणजे अर्ज तिथे पोचल्याच्या नोंदीचा नंबर, लिहून घ्या. पहिल्या दोन चकरा माझ्याकडे तो नव्हता म्हणून फुकट गेल्या, तिसऱ्यांदा नंबर सांगितला तर फाईल पाच मिनिटांत निघाली.

आदेश जूनमध्ये आला. शाळा १६ जूनला उघडली, नवीन पहिलीवाली पोरं फुगे घेऊन रडत आत चालली होती आणि आम्ही दोघी ऑफिसच्या खोलीत. बाईंनी रजिस्टर उघडलं, लाल पेन काढलं, पट्टी ठेवली, ११ वर एक बारीक रेघ मारली, वर १२ लिहिलं, अक्षरात बारा, आदेश क्रमांक, सही. पोरगी श्वास रोखून बघत होती. मग पोर्टलवर दुरुस्ती, मग दाखला. बाई म्हणाल्या, लॅमिनेट करू नका, झेरॉक्स चार काढा, मूळ प्रत देताना पोच घ्या. आणि पेन नंबर, म्हणजे पोर्टलवरचा तिचा कायमचा विद्यार्थी क्रमांक, नव्या शाळेला सांगा, त्यावरून ते पोर्टलवर तिला आपल्याकडून ओढून घेतील. पोरगी म्हणाली, म्हणजे आता मी गेले? बाई म्हणाल्या, आता गेलीस.

जुलैत घरात परत विषय निघाला, औक्षण कधी. सासूबाई ११ सोडायला तयार नाहीत, पोरगी म्हणे कागदावर १२ आहे. सासऱ्यांनी तोडगा काढला. ११ ला रात्री सगळ्यांना जागं ठेवलं, नवरा सोफ्यावर पेंगत होता त्याला हलवलं, आणि बारा वाजून दहा मिनिटांनी आधी औक्षण केलं, मग केक कापला. सूर्योदय व्हायला अजून सहा तास होते.