वापरलेला डिजिटल रेंजफाइंडर घेण्यापूर्वी

बरीच वर्षे फिल्मच्या रेंजफाइंडरने, म्हणजे दोन प्रतिमा एकमेकींवर आणून हाताने फोकस जुळवायच्या कॅमेऱ्याने, छायाचित्रे काढल्यानंतर त्याच पद्धतीचा डिजिटल कॅमेरा घ्यावा, असे मी यंदा ठरवले. लायका या जर्मन कंपनीचा नवा कॅमेरा आवाक्याबाहेरचा असल्यामुळे वापरलेलाच घ्यायचा, हे उघड होते. प्रश्न एवढाच होता की कोणता घ्यावा आणि घेताना काय तपासावे. शोध सुरू केला तेव्हा बहुतेक जाहिराती एकाच गोष्टीवर भर देताना दिसल्या: कॅमेऱ्यावर ओरखडा नाही, मूळ खोके आहे, गळ्यातला पट्टासुद्धा कोरा आहे. माझ्या मते या सगळ्याला फार थोडे महत्त्व आहे. डिजिटल रेंजफाइंडर म्हणजे एकाच सांगाड्यात बसवलेली दोन यंत्रे असतात. पहिले यंत्र प्रिझम, तरफा आणि स्क्रू यांचे; ते बिघडले तरी जाणकार कारागीर ते पुन्हा जागेवर आणू शकतो, मग ते कितीही जुने असो. दुसरे यंत्र प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचे आणि सर्किटांचे. त्याची दुरुस्ती सुटे भाग मिळतात तोवरच शक्य असते. त्यामुळे या दुसऱ्या यंत्राचे आयुष्य किती उरले आहे हे सर्वांत आधी पाहावे, पहिल्याची जुळणी त्यानंतर तपासावी आणि बाहेरच्या रूपाकडे अगदी शेवटी वळावे, असा क्रम मी स्वतःपुरता लावून घेतला.

या प्रकारच्या कॅमेऱ्यांचा इतिहास लहान आहे. पहिला डिजिटल रेंजफाइंडर लायकाचा नव्हता, तो एप्सनचा आर-डी१. २००४ साली आलेल्या या कॅमेऱ्यात सुमारे सहा मेगापिक्सेलचा सेन्सर होता आणि शटर ताणण्यासाठी फिल्म कॅमेऱ्यासारखी तरफ होती. २००६ मध्ये लायकाचा एम८ आला, त्याचा सेन्सर २७ बाय १८ मिलिमीटरचा, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान होता. फिल्मच्या पूर्ण चौकटीएवढा, १८ मेगापिक्सेलचा सेन्सर असलेला एम९ २००९ मध्ये आला आणि जुन्या लेन्स बाळगणाऱ्यांना हवे होते ते अखेर मिळाले.

वापरलेल्या बाजारात आजही सर्वाधिक मोह होतो तो एम९चाच, आणि सर्वाधिक सावधगिरीही त्याच्याच बाबतीत बाळगावी लागते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रेंजफाइंडरमध्ये लेन्सच्या मागे हलणारा आरसा नसल्यामुळे लेन्स सेन्सरच्या अगदी जवळ बसते. माउंटपासून, म्हणजे लेन्स बसवायच्या कड्यापासून, प्रतिमेच्या प्रतलापर्यंतचे अंतर अवघे २७.८ मिलिमीटर असते. वाइड अँगल लेन्समधून आलेला प्रकाश त्यामुळे चौकटीच्या कडांवर बराच तिरका पडतो. सेन्सरवर अवरक्त किरण अडवणारी काच बसवावी लागते, पण ती जाड असली तर हे तिरके किरण तिच्यातून जाताना ढळतात आणि छायाचित्राचे कोपरे पुसट होतात. एम८मध्ये ही काच केवळ अर्धा मिलिमीटर जाडीची ठेवली होती. कोपरे त्यामुळे सांभाळले गेले, परंतु अवरक्त प्रकाश आत झिरपू लागला आणि काळे कृत्रिम धाग्याचे कापड छायाचित्रात जांभळट दिसू लागले. शेवटी ग्राहकांना लेन्सवर लावायचे खास फिल्टर पुरवावे लागले. आजही एम८ घेणाऱ्याने आपल्या प्रत्येक लेन्ससाठी अशा फिल्टरचा खर्च हिशेबात धरावा.

एम९साठी काच ०.८ मिलिमीटरची आणि अधिक शोषक अशी निवडली गेली. रंगांचा प्रश्न बहुतांशी सुटला, पण ही काच ओलाव्यापुढे टिकाव धरणारी नव्हती. तिच्यावरच्या लेपाला सूक्ष्म जरी तडा गेला, तरी हवेतला दमटपणा आत शिरतो आणि काच हळूहळू आतून खराब होऊ लागते. एम९बरोबरच एम९-पी, पहिला एम-ई आणि २०१२चा पहिला एम मोनोक्रोम हे सगळे याच सेन्सर-कुटुंबातले असल्यामुळे त्यांनाही हाच धोका आहे. कंपनीने काही काळ हे सेन्सर विनामूल्य बदलून दिले आणि नंतरचे बदली सेन्सर वेगळ्या, टिकाऊ काचेचे होते. पुढे ती सवलत मर्यादित झाली आणि कालांतराने कंपनीकडचे बदली सेन्सरही संपले. म्हणून एम९ घ्यायचाच असेल, तर सेन्सर बदलल्याचा दुरुस्तीचा कागद दाखवता येतो का, हा विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न असावा. कागद नसेल तर तो कॅमेरा कितीही कमी किमतीत मिळत असला, तरी मी घेणार नाही.

सेन्सर तपासण्याची रीत सोपी आहे आणि ती कोणत्याही मॉडेलला लागू पडते. अ‍ॅपर्चर एफ/१६वर, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच लहान करून ठेवावे, फोकस मुद्दाम बिघडवावा आणि कोऱ्या आकाशाचे किंवा सपाट पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे. ते कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर न पाहता संगणकावर पूर्ण मोठे करून, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश पाहावे. साधी धूळ म्हणजे गडद ठिपका; हवेच्या फुंकणीने तो हलतो किंवा जातो. काच खराब झाल्याची खूण निराळी असते: ठिपक्याभोवती उजळ कडे दिसते आणि सेन्सर कितीही काळजीपूर्वक स्वच्छ केला, तरी पुढच्या छायाचित्रात तो ठिपका त्याच जागी असतो. विक्रेता दूर असेल तर अशा छायाचित्राची मूळ कच्ची (रॉ) फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली प्रक्रिया न केलेली फाइल, मागून घ्यावी. त्या फाइलमध्ये कॅमेऱ्याचा अनुक्रमांकही नोंदलेला असतो, त्यामुळे तो कॅमेऱ्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहता येतो. फाइल द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी व्यवहार पुढे नेण्यात अर्थ नाही.

एम९च्या सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचे रंग पुढच्या कोणत्याही मॉडेलला साधले नाहीत, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांची ओढ मला कळते. तरीही कच्च्या फाइलवर नीट काम केले, तर तो फरक इतका मोठा राहत नाही की त्यासाठी दुरुस्त न होणाऱ्या सेन्सरची जोखीम घ्यावी. मी विचार केला तो त्यानंतरच्या, २०१२ मध्ये जाहीर झालेल्या लायका एम टाइप २४०चा आणि २०१७च्या एम१०चा. टाइप २४०मध्ये सीमॉस या नव्या प्रकारचा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, लाइव्ह व्ह्यू (लेन्समधले दृश्य मागच्या पडद्यावर थेट पाहण्याची सोय) आहे आणि बॅटरी खरोखर दिवसभर पुरते. मात्र तो ४२ मिलिमीटर जाड आणि ६८० ग्रॅम वजनाचा आहे. एम१०ची जाडी ३८.५ मिलिमीटरवर आली, वरच्या बाजूला आयएसओची (प्रकाशसंवेदनशीलता ठरवणारी) चकती आली आणि व्ह्यूफाइंडरचे वर्धन ०.६८ वरून ०.७३ झाले.  हातात एम१० अधिक चांगला बसतो यात शंका नाही, पण दोघांच्या किमतीत जेवढे अंतर होते तेवढ्यात एक चांगली लेन्स येत होती, म्हणून मी टाइप २४०वर थांबलो.

आता पहिल्या, म्हणजे प्रिझम आणि तरफांच्या यंत्राकडे वळतो. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात आणि त्यांच्यातले अंतर ६९.२५ मिलिमीटर असते. दोन्हींतून येणाऱ्या प्रतिमा व्ह्यूफाइंडरच्या मधल्या उजळ चौकोनात एकमेकींवर आल्या की फोकस जुळला. लेन्सचा मागचा कडा माउंटच्या आतल्या एका छोट्या चाकाला ढकलतो आणि त्या चाकाची हालचाल तरफांमार्फत चौकोनातली प्रतिमा सरकवते. कॅमेरा एकदा जोरात आपटला, तर बाहेर पोचाही न दिसता ही साखळी किंचित सरकलेली असू शकते.

मी पाहिलेल्या एका कॅमेऱ्यात नेमके हेच दिसले. बाहेरून तो निर्दोष होता. पन्नास मिलिमीटरची लेन्स अनंतावर (सर्वांत दूरच्या फोकसवर) ठेवून मी दूरच्या मनोऱ्यावरच्या उभ्या खांबाकडे पाहिले, तेव्हा खांबाच्या दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या. परंतु नजर त्याच मनोऱ्याच्या आडव्या कठड्याकडे नेली तेव्हा तिथे एकाखाली एक अशा दोन रेषा होत्या, केसाएवढ्या अंतराने वेगळ्या. फक्त उभ्या कडा पाहून समाधान मानणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. उभ्या दिशेचा हा फरक फोकस फारसा चुकवत नाही, पण त्यामुळे डोळा थकतो, प्रतिमा जुळल्या की नाही याची खात्री वाटेनाशी होते आणि कॅमेऱ्याला केव्हातरी धक्का बसला असावा, अशी शंकाही येते. आडव्या दिशेचा फरक मात्र थेट छायाचित्र बिघडवतो.

जवळच्या अंतराची परीक्षा अधिक कठोर असते. पन्नास मिलिमीटरची एफ/१.४ लेन्स पूर्ण उघडी ठेवून एक मीटरवर फोकस केला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे तीन सेंटिमीटरचाच असतो. कॅमेरा तिपाईवर लावावा, छापील मजकुराचा कागद तिरका ठेवून एका ठरावीक ओळीवर फोकस करावा आणि छायाचित्रात कोणती ओळ खरोखर स्पष्ट आली आहे ते पाहावे. फिल्मवर जी चूक सहज खपून जाते, ती पडद्यावर मोठी करून पाहिल्यावर लपत नाही. टाइप २४० आणि त्यानंतरच्या लाइव्ह व्ह्यू असलेल्या मॉडेलांत ही तपासणी आणखी सोपी आहे: रेंजफाइंडरने फोकस करून मागच्या पडद्यावर तोच भाग मोठा करून पाहिला, की उत्तर लगेच मिळते. शक्य असल्यास दोन वेगळ्या लेन्स वापराव्यात. चूक दोन्हींवर सारखी आली तर दोष बहुधा कॅमेऱ्यात असतो. एकीवरच आली तर त्या लेन्सकडे पाहावे.

बाकीच्या गोष्टींना फार वेळ लागत नाही. शटरचे सगळे वेग ऐकावेत, लेन्स बदलल्यावर व्ह्यूफाइंडरमधल्या, छायाचित्राची हद्द दाखवणाऱ्या चौकटीच्या रेषा बदलतात का ते पाहावे, व्ह्यूफाइंडर उजेडाकडे धरून आत धुरकटपणा आहे का ते बघावे आणि एक पूर्ण कार्ड भरेपर्यंत छायाचित्रे घ्यावीत. जास्तीची मूळ बॅटरी मिळत असेल तर ती अवश्य घ्यावी. कॅमेऱ्याच्या वरच्या झाकणाच्या कोपऱ्यांवरचे पोचे मात्र गंभीरपणे घ्यावेत, कारण तेच आपटल्याचे पुरावे असतात. काळा रंग उडून खालचे पितळ दिसू लागले असेल, तर उलट मी ते चांगले लक्षण मानतो. तो कॅमेरा कपाटात पडून नव्हता, एवढे त्यावरून कळते.

मी घेतलेल्या कॅमेऱ्याचे असेच पितळ दिसत होते. सेन्सर स्वच्छ होता, अनंतावरची जुळणी अचूक होती आणि जवळच्या अंतरावर फोकस किंचित मागे पडत होता. तो माझ्या दोन्ही लेन्सवर सारखाच मागे पडत असल्यामुळे दोष तरफेच्या जुळणीत आहे, हे स्पष्ट होते. मालक सभ्य गृहस्थ होते. मी त्यांना त्यांच्याच संगणकावर ती छायाचित्रे दाखवली आणि जुळणीचा खर्च किमतीतून वजा करावा, असे सुचवले. त्यांनी ते मान्य केले. कॅमेरा घरी आणण्याआधीच मी तो कारागिराकडे नेऊन दिला.