एकाच एसएसडीवर तीन लिनक्स: पार्टिशनची आखणी, माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात लॅपटॉपला ५१२ जीबीची नवी एसएसडी टाकली आणि ठरवलं की यावर मिंट, डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या तिन्ही सिस्टीम टाकायच्या. मिंट घरच्यांसाठी, डेबियन माझ्या कामाला आणि फेडोरा नवीन काय आलंय ते बघायला. शाहूपुरीतला मित्र म्हणाला, "भावा, ऑटोवर टाक की, कशाला डोकं लावतोस!" पण ऑटो, म्हणजे इन्स्टॉलरनं आपोआप केलेली वाटणी, एका सिस्टीमला ठीक आहे, तीन म्हटल्यावर कुठलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) सामायिक आणि कुठलं स्वतंत्र हे वहीत लिहिल्याशिवाय इन्स्टॉलर उघडूच नये असं माझं ठाम मत आहे.

जीपार्टेडमध्ये (पार्टिशन पाडायचं सॉफ्टवेअर) ही डिस्क साधारण ४७६ दिसते, कारण ते १०२४ च्या पटीत मोजतं, त्यातूनच वाटण्या करायच्या. पार्टिशनची नोंद ठेवायला जीपीटी टेबल घेतलं, म्हणजे जुन्या एमबीआर पद्धतीची चारच प्रायमरी पार्टिशनची अडचण गेली. ईएफआयला (बूटच्या फाइली असतात ते पार्टिशन) १ जीबी, प्रत्येक रूटला (सिस्टीमचं मुख्य पार्टिशन) ५०-६०, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) ८, डेटाला २५०, उरलेली जागा मोकळी. आमच्याकडं पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळं बॅटरी फुल्ल करूनच अप्लाय दाबलं.

ईएफआय तिघांना मिळून एकच, फक्त दुसऱ्या-तिसऱ्या इन्स्टॉलला ते फॉरमॅट होणार नाही हे बघायचं. त्यात प्रत्येकाचा आपापला फोल्डर होतो, पण मिंटच्या फोल्डरचं नाव 'उबुंटू' असतं! म्हणजे मिंटशेजारी उबुंटू टाकलं की दोघं एकाच फोल्डरवर येतात, मी उबुंटू घेतलं नाही ते याचसाठी.

होम, म्हणजे युजरच्या फाइलींचा फोल्डर, सामायिक करायचा मोह सगळ्यांना होतो, मी टाळला. कारण सेटिंगच्या लपवलेल्या फाइली त्यातच असतात आणि फेडोराच्या नव्या फायरफॉक्सनं उघडलेलं प्रोफाइल डेबियनचा जुना फायरफॉक्स घ्यायला तयार होत नाही. त्यापेक्षा होम ज्याचं त्याच्या रूटमध्येच ठेवलं आणि फोटो, कागदपत्रं, गाणी वेगळ्या डेटा पार्टिशनवर, तिथून तिन्हीकडं लिंक. तिन्हीकडं पहिल्या युजरचा नंबर १००० च येतो आणि फाइलीची मालकी नंबरावर ठरते, त्यामुळं परवानग्यांची कटकट झाली नाही.

स्वॅप एकच पुरतो, पण मग हायबरनेट (चालू काम स्वॅपमध्ये साठवून लॅपटॉप बंद करणं) सोडून द्यायचं. आणखी एक, डेबियनचा इन्स्टॉलर दिसलेला स्वॅप परत फॉरमॅट करतो, यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदलतो आणि आधीच्या सिस्टीम बूट होताना जुना स्वॅप शोधत ९० सेकंद थांबतात. म्हणून तिथं स्वॅपला 'वापरू नका' केलं आणि नंतर एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली पार्टिशन जोडायची त्याची यादी) हातानं ओळ घातली.

डेबियन शेवटी टाकलं, म्हणजे चालू करताना सिस्टीम निवडायचा मेन्यू त्याच्या ग्रबचा (बूट करणारा प्रोग्रॅम). ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या बाकीच्या सिस्टीम शोधणारा प्रोग्रॅम) मुळातच बंद असतो, त्यामुळं ग्रबच्या डीफॉल्ट फाइलीत ओएस-प्रोबर डिसेबल करणारी ओळ 'फॉल्स' आहे ना हे बघून मेन्यू नव्यानं बनवणारी अपडेट-ग्रब कमांड चालवली, तिन्ही नावं आली. आता मिंट किंवा फेडोरात नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) आला की डेबियनमध्ये येऊन तीच कमांड परत चालवतो, नाहीतर मेन्यू जुनाच कर्नल उघडतो.