आमची वाटचाल : डबा, केबल आणि तिसरी पिन

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. २०१२ साली गाळा घेतला तेव्हा काम म्हणजे तुटलेल्या बिजागऱ्या, चहा सांडलेले कीबोर्ड आणि विंडोज टाकून देणं. आज धंद्याचा बराचसा भार वेगळ्याच कामावर आहे. लॅपटॉपला बाहेरून जोडलेलं ग्राफिक्स कार्ड का चालत नाही, ते आम्ही शोधून देतो. कार्ड विकत नाही, ते बसवायचा डबा म्हणजे डॉकही गळ्यात मारत नाही. फक्त दोष कुठे आहे तो सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. सुरुवातीला लोकांना हे पचायचं नाही. ‘पार्ट काय बदललाच नाही, मग पैसे कसले?’ हा प्रश्न आजही महिन्यातून एखादा गिऱ्हाईक टाकतोच.

हे काम आमच्याकडे आलं ते उद्यमनगर आणि शिरोलीमुळे. इथे फाउंड्र्या, पॅटर्नवाले, मशीनशॉप. त्यांच्याकडची डिझाइन करणारी पोरं लॅपटॉप काखेत मारून दिवसभर शॉपमध्ये फिरतात. मोठी असेंब्ली (अनेक भागांचं मॉडेल) उघडली की स्क्रीन अडखळते. डेस्कटॉप घ्या म्हटलं तर उत्तर ठरलेलं, ‘तो भट्टीपाशी कसा नेऊ?’ ऑफिसात टेबलावर कार्ड ठेवायचं, आलो की जोडायचं, निघालो की काढायचं, अशी त्यांची मागणी. मागणी रास्त होती, फक्त लॅपटॉप तयार नव्हते.

तेव्हा बाजारात ईएक्सपी जीडीसी नावाचा चिनी बोर्ड मिळायचा. लॅपटॉपच्या पोटातलं वायफाय कार्ड काढायचं, त्या जागी केबल बसवायची, दुसऱ्या टोकाला ग्राफिक्स कार्ड आणि त्याला डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. वायफायसाठी यूएसबी डोंगल. दिसायला सगळा उघडा संसार. डेस्कटॉपमध्ये कार्डाला सोळा लेन (डेटाच्या वाटा) मिळतात, इथे एकच, म्हणजे सेकंदाला जेमतेम ५०० एमबी. तरीही पोरं खूश असायची, कारण आधी काहीच नव्हतं.

त्या बोर्डांनी आम्हाला शिकवलं. काही कंपन्यांच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, कोणतं वायफाय कार्ड चालेल याची यादीच असायची. यादीबाहेरचं काही दिसलं की मशीन सुरूच व्हायला नकार द्यायचं. ते ओलांडलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड १२. याचा अर्थ कार्ड सापडलंय, पण त्याला पत्त्यांची जागा देता येत नाही. जुन्या बायोसला ही सगळी जागा पहिल्या ४ जीबीच्या आतच वाटायची असते, आणि ग्राफिक्स कार्ड एकटंच २५६ एमबीचा सलग तुकडा मागतं. काही मशिनांवर रॅमची एक पट्टी काढली की जागा मोकळी होऊन कार्ड दिसायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस रॅम काढून मशीन फास्ट करतोय! मग आतलं दुसरं ग्राफिक्स बायोसमधून बंद करून बघायचं, आणि तेही जमलं नाही तर एसीपीआयचा तक्ता (विंडोजला हार्डवेअरची माहिती देणारा) बदलून लोड करायचा. रात्री शटर अर्धं ओढून हे उद्योग चालायचे.

पुढे थंडरबोल्ट ३ हा बाहेरची उपकरणं जोडायचा वेगवान मार्ग आला, २०१५ नंतर हळूहळू आपल्याकडच्या महागड्या लॅपटॉपांत दिसू लागला, आणि वाटलं आता आमचं काम संपलं. झालं उलट. पूर्वी जोडणी अवघड होती म्हणून माणूस आधी विचारायचा. आता भोक एकच, यूएसबी-सी, त्यामुळे माणूस आधी विकत घेतो आणि मग विचारतो. त्याच आकाराच्या भोकातून एखाद्या लॅपटॉपवर फक्त चार्जिंग जातं, एखाद्यावर मॉनिटर चालतो, आणि थोड्यांवरच कार्डाला लागणारं पीसीआय एक्सप्रेस बाहेर येतं. शेजारी विजेची खूण आहे का बघा, नसेल तर मॉडेलची तपशीलपत्रिका वाचा. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्या लॅपटॉपांत तर २०२२ च्या सुमारास यूएसबी ४ येईपर्यंत हा प्रश्नच नव्हता, तिथे सरळ नाही म्हणायचं. हे ‘नाही’ आम्ही फोनवरच सांगतो, फुकट.

खूण असली तरी सगळं सुरळीत असतं असं नाही. थंडरबोल्ट ३ वर ४० जीबीपीएस (सेकंदाला ४० गिगाबिट) छापलेलं असतं, पण कार्डाच्या वाट्याला त्यातले सुमारे २२ येतात. काही नावाजलेल्या पातळ लॅपटॉपांत पोर्टला चारऐवजी दोनच लेन दिलेल्या होत्या, तिथे आणखी कमी. केबल हा तर स्वतंत्र विषय. डब्यासोबत येते ती अर्ध्या मीटरची असते आणि ती टेबलाखाली पोचत नाही, म्हणून माणूस दोन मीटरची स्वस्तातली घेतो. थंडरबोल्ट ३ ची साधी लांब केबल २० वर उतरते, आणि चार्जिंगची केबल असेल तर डबा दिसतच नाही. आमच्या ड्रॉवरमध्ये एक खात्रीची आखूड केबल असते. कुणाचाही डबा आला की पहिल्यांदा ती लावायची, हा दुकानाचा नियम. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

केबलनं मिटलं नाही तर पुढचा क्रम ठरलेला आहे. आधी कार्ड दुकानातल्या डेस्कटॉपमध्ये घालून तासभर तापवायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग थांबलं आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइनपर्यंत वापरलेल्या कार्डांचा पूर आला, तेव्हापासून ही पायरी आम्ही कुणासाठीही गाळत नाही. वाळलेले थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणारे) घेऊन आलेलं कार्ड पाच मिनिटं छान चालतं आणि सहाव्या मिनिटाला लॅपटॉपवाला ड्रायव्हरला शिव्या घालतो. मग एसएमपीएस. मग जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये मुळापासून काढून नवा, आणि तेवढा वेळ इंटरनेट बंद, कारण विंडोज अपडेट मधेच स्वतःच्या मनाचा ड्रायव्हर टाकतं आणि कोड ४३, म्हणजे विंडोजनं कार्ड थांबवल्याची खूण, उभा राहतो. पॉवर ऑप्शन्समध्ये लिंक स्टेटची (जोडणीची) वीजबचत बंद. शेवटी जीपीयू-झेड या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये भार देऊन बघायचं, किती लेन, कोणत्या पिढीच्या. भार न देता बघू नका, मोकळं बसलेलं कार्ड वेग उतरवून बसतं आणि उगाच घाबरवतं.

एक केस सांगतो, कारण त्यानंतर आमच्या बॅगेत टेस्टर कायमचा आला. शिवाजी पेठेतला एक तरुण आर्किटेक्ट, जुन्या वाड्याच्या माडीवर ऑफिस. रेंडर (मॉडेलवरून चित्र बनवणं) लावलं की केव्हातरी स्क्रीन काळी, डबा गायब, लॅपटॉप मात्र चालू. डबा दुकानात आणला, रात्रभर रेंडर चाललं, काही नाही. घरी नेला, परत तेच. तो वैतागून म्हणाला, ‘दादा, दुकानात चालतंय आणि घरात का चालंना?’ मी आणि आमचा मदतनीस गेलो. माडीवर बसून वाट बघत होतो, तर खालच्या पिठाच्या गिरणीची मोटर सुरू झाली आणि त्याच क्षणी स्क्रीन गेली. मदतनीसानं टेस्टर डब्याच्या पत्र्याला लावला. दिवा लागला.

सॉकेटला तीन भोकं होती, पण तिसऱ्याच्या मागे तारच नव्हती. एसएमपीएसमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते पत्र्याला जोडलेले असतात आणि त्यांच्यातून येणारा थोडा प्रवाह अर्थिंगमध्ये जायचा असतो. अर्थिंगच नसेल तर सबंध पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. तोच पत्रा केबलच्या जाळीतून लॅपटॉपला जोडलेला. गिरणीच्या मोटरनं लाइनला झटका दिला की तो त्या वाटेनं आत शिरायचा आणि लिंक तुटायची. त्याला आधीपासून लॅपटॉपच्या कडेला हात लागला की मुंग्या यायच्या, पण ती धातूच्या बॉडीची सवय आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. इलेक्ट्रिशियननं अंगणात अर्थिंगचा खड्डा घेऊन तार वर आणली. त्यानंतर तो डबा पुन्हा दुकानात आला नाही. आता बाहेर गेलो की मल्टिमीटरनं फेज आणि अर्थिंग मोजल्याशिवाय लॅपटॉपचं झाकण उघडत नाही. जुन्या पेठांमध्ये हे हटकून निघतं.

मध्ये २०१९ च्या ऑगस्टचा महापूर येऊन गेला. आमच्या गल्लीत पाणी नव्हतं, पण शाहूपुरीतून चिखलानं भरलेली मशिनं पोत्यांतून आली आणि कित्येक आठवडे दुसरं काहीच केलं नाही. त्याच काळात मदतनीस दोनाचे तीन झाले, आणि पुढे बाहेरच्या कार्डांचं काम वाढलं तेव्हा हे हात उपयोगी पडले.

सध्या जोर ऑक्युलिंकचा, म्हणजे कार्ड केबलनं थेट पीसीआय एक्सप्रेसला जोडण्याचा आहे. लॅपटॉपची दुसरी एनव्हीएमई (एसएसडीची) जागा मोकळी असेल तर तिथून केबल बाहेर काढायची. चौथ्या पिढीच्या चार लेन, म्हणजे ६४ जीबीपीएस, थंडरबोल्ट ३ ला मागे टाकणारं. पण हे चालू मशीनमधून काढायचं नसतं. आधी डॉकला वीज, मग लॅपटॉप. केबल लांब असेल तर चौथी पिढी टिकत नाही, चुकांची रांग लागते. बायोसमध्ये तिसऱ्या पिढीवर आणलं की शांत होतं, आणि ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करणाऱ्याला फरक कळतही नाही, कारण एकदा दृश्य कार्डाच्या मेमरीत गेलं की केबलवर काम फारसं उरत नाही. घरच्या घरी भाषा-मॉडेल चालवणाऱ्यांचंही तेच. गेमवाल्यांना मात्र अरुंद वाट जाणवते, आणि कार्डातून निघालेलं चित्र परत लॅपटॉपच्याच स्क्रीनवर आणलं तर जास्तच. त्यांना आम्ही मॉनिटर थेट कार्डाला लावायला सांगतो.

सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना अजूनही पहिल्यांदा विचारतो, मॉडेल फिरवताना अडकतं की रिबिल्डला, म्हणजे बदलानंतर मॉडेल पुन्हा बनायला, वेळ लागतो? रिबिल्डला लागत असेल तर ते प्रोसेसरचं काम आहे, कार्डावर पैसे घालू नका. अशी दोन-तीन गिऱ्हाइकं दर महिन्याला रिकाम्या हातानं परत जातात. घरच्यांना हे फारसं पटत नाही. हिशेब बायको बघते आणि अशा परत गेलेल्यांच्या ओळीसमोर तिचं प्रश्नचिन्ह असतंच.

तपासणीला येणार असाल तर लॅपटॉपसोबत त्याचा मूळ चार्जर, कार्ड, डबा आणि तुम्ही घरी वापरता तीच केबल आणा. नवी केबल घेऊन येऊ नका, जुनीच बघायची असते. सोमवारी दुकान बंद असतं.