बोट लागते तेव्हा

अंदमानच्या सहलीसाठी माझ्या मैत्रिणीने एक वही केली होती आणि तीत प्रत्येक दिवसाला एक पान दिले होते. पहिल्या पानावर सेल्युलर जेल, दुसऱ्यावर राधानगरचा किनारा, तिसऱ्यावर प्रवाळ पाहण्यासाठी पाण्यात डोके घालण्याचा कार्यक्रम, असे सारे तिच्या टपोऱ्या अक्षरात मांडलेले होते. चौथ्या पानावर मात्र एकच ओळ होती : 'स्वराज द्वीप ते शहीद द्वीप'. तिच्याखाली, जरा बारीक अक्षरात, 'वेळ उरेल, पोहावे.'

समुद्रावरचे हे अंतर तासा-सव्वा तासाचे. एवढ्याशा प्रवासाने सकाळपासून अंधार पडेपर्यंतचा अख्खा दिवस कसा गिळला, याचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला आणि तो काही केल्या जुळला नाही. खोली नऊला सोडायची होती. अकराची ठरलेली बोट येणार नाही, असा निरोप दहा वाजता आला; कारण कोणी सांगितले नाही. मग तिकीट खिडकी, ओळखपत्रांच्या प्रती, नावांची यादी आणि अखेर अडीचच्या सरकारी बोटीची दोन तिकिटे. ती अडीचची बोट साडेतीनला सुटली. या सगळ्यात आमच्या हातून एकही काम झाले नाही आणि तरीही क्षणभर उसंत मिळाली नाही.

किनाऱ्यावर दोन दिवस लोळताना आपण बेटावर आहोत, हे खरे तर जाणवत नाही. तिथे डांबरी रस्ता असतो, रिक्षा असतात, गणवेशातली मुले शाळेत जात असतात, केळीच्या आणि पोफळीच्या बागा असतात. एखाद्या मोठ्या गावातच राहिल्यासारखे वाटते. 'आता इथून निघू या' असे म्हटले, की मगच चारही बाजूंनी पाणी असल्याची ती शाळेतली व्याख्या अंगावर येते. पर्यायी रस्ता नाही, मागून येणारी दुसरी गाडी नाही, चालत जाऊ असे म्हणायची सोय नाही. पाणी वाट देईल तेव्हा जायचे. स्वभावाने घाईची असलेली माझी मैत्रीण पहिल्या तासात धक्क्यावरच्या चार माणसांना बोटीची वेळ विचारून आली. चौघांनी चार वेळा सांगितल्या आणि चौघेही अगदी शांत होते. पाचव्याला तिने विचारले नाही, यातच तिचे निम्मे बेटवासी होणे आले.

त्या धक्क्यावर आम्ही चार तास होतो, त्यामुळे तो मला आमच्या खोलीपेक्षा अधिक लक्षात राहिला आहे. रांगेत माणसे नव्हती, सामान होते. प्रत्येकाने आपली पिशवी रांगेत ठेवून स्वतः सावली गाठली होती, आणि पिशव्या आपापल्या मालकांच्या वतीने निमूटपणे उभ्या होत्या. आमच्या पिशवीच्या पुढे छताच्या पंख्याचे नवेकोरे खोके होते आणि त्यावर सुतळीने बांधलेला अंड्यांचा ट्रे. त्याचा मालक दर दहा मिनिटांनी येऊन अंड्यांवरचा ओला टॉवेल सावरून जात असे. खाली, धक्क्याच्या खांबांभोवती, पाणी इतके नितळ होते की काळ्या पट्ट्यांच्या चपट्या माशांचा थवा आणि त्याची तळाच्या वाळूवर पडलेली सावली असे दोन थवे वेगवेगळे मोजता येत होते. कोणी कठड्याशी वाकले की दोन्ही थवे एकदमच वळत.

बसल्या बसल्या मैत्रिणीने चपला झटकल्या आणि मूठभर पांढरी वाळू पडली. शंख आणि प्रवाळाचे तुकडे इथून नेण्यास मनाई आहे, त्यामुळे सापडलेला एक सुरेख तुकडा तिने आदल्या संध्याकाळी जड मनाने पाण्यात परत टाकला होता. वाळूचे काय, असे तिने विचारले. ही वाळू म्हणजे बरीचशी प्रवाळाचीच भुकटी असते आणि तिच्यातला मोठा वाटा पोपटमाशांच्या पोटातून आलेला असतो. हे मासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक खरवडतात, त्यावरचे शेवाळ पचवतात आणि उरलेला चुरा मागे सोडतात. हे ऐकल्यावर तिने चपला पुन्हा एकदा, अधिक जोराने झटकल्या.

वेळ अजून बराच होता, म्हणून आम्ही नावांकडे वळलो. ही दोन्ही बेटे २०१८ च्या डिसेंबरात स्वराज आणि शहीद झाली. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकावल्याला तेव्हा पंचाहत्तर वर्षे होत होती, आणि नेताजींनी अंदमान-निकोबारला दिलेली नावे ती हीच. बोलण्यात मात्र अजूनही 'हॅवलॉक' आणि 'नील' हीच त्यांची अनुक्रमे जुनी नावे ऐकू येतात. हॅवलॉक आणि नील हे १८५७ चा उठाव चिरडणारे सेनानी. आसपासच्या बेटांनाही औट्रम, लॉरेन्स, निकल्सन अशी त्याच काळातली नावे आहेत, आणि त्याच उठावातले कैदी १८५८ मध्ये या समुद्रात आणून सोडले गेले, म्हणजे शिक्षा भोगणाऱ्यांच्या नजरेसमोर क्षितिजभर शिक्षा देणाऱ्यांची नावे पसरली. आणखी एक गंमत अशी, की हॅवलॉक आणि नील यांचे एकमेकांशी मुळीच पटत नव्हते. कानपूरला १८५७ मध्ये दोघांत अधिकारावरून चांगलीच खडाजंगी झाली होती, त्याच वर्षी दोघेही लखनौला मरण पावले आणि नकाशावर मात्र कायमचे शेजारी होऊन बसले. सहप्रवासी निवडण्याची मुभा प्रत्येकालाच असते असे नाही, असे मी म्हणाले. मैत्रिणीने माझ्याकडे जरा निरखून पाहिले.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे वसवले, तेव्हा त्यांच्या वस्त्यांना मिळालेली नावे मला या सगळ्या सेनानींपेक्षा जास्त आवडतात. हॅवलॉकवर गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर, राधानगर. नीलवर रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. एक बेट सगळे कृष्णाचे, दुसरे सगळे रामाचे. आम्ही द्वापारयुगातून उलट त्रेतायुगात निघालो होतो आणि बोटीला एक तास उशीर झाला होता, तर तक्रार ती कसली करायची!

बोट दिसली तशी मैत्रीण गप्प झाली. तिला बोट लागते. मराठीत या शब्दांची मोठी मौज आहे. धक्क्याला बोट लागते तेव्हा सगळे आनंदाने उठून उभे राहतात, आणि माणसाला बोट लागते तेव्हा तो आडवा होतो. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते, ती सांगते की आपण हलत आहोत. डोळे समोरची भिंत पाहून सांगतात की काही हलत नाही. या दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत, की पोट आपला निकाल देऊन मोकळे होते. मैत्रिणीने अर्ध्या तासापूर्वीच गोळी घेतली होती, आल्याची वडी गालात धरली होती, आणि वर डेकवर जाऊन मधोमध, कठड्याला धरून, क्षितिजाकडे तोंड करून ती उभी राहिली. मान वळवायची नाही, खाली पाहायचे नाही, फोन काढायचा नाही, हे तिचे नियम होते. पाण्यापासून पाचेक मीटर उंचीवर डोळे असले तर क्षितिज साधारण आठ किलोमीटरवर असते. त्या आठ किलोमीटरवरच्या रेषेला तिने नजरेने असे काही घट्ट धरले होते, की रेषा सुटली तर जणू बोटच कलंडणार होती.

मला बोट लागत नाही, याचा मला थोडा गर्व होता. त्या गर्वात मी सामान पाहून आले, चहा कुठे मिळतो ते पाहून आले, पंख्याच्या खोक्यावरची अंडी सुखरूप असल्याची खात्री करून आले आणि मधल्या काळात जे जे दिसण्यासारखे होते ते सगळे चुकवले. उडणारे मासे तिनेच पाहिले. पाण्यातून एकदम सुटून, पंख ताठ पसरून, लाटांच्या माथ्यांवरून सरळ जाऊन ते पुन्हा पाण्यात शिरतात, ती "बघ!" म्हणायची आणि मी वळेपर्यंत तिथे नुसते पाणी उरायचे. पाण्याचा रंग धक्क्याजवळच्या पोपटी हिरव्यापासून शाईसारखा गडद निळा नेमका कुठे झाला, तेही तिलाच कळले. समोरचे बेट आधी नुसत्या झाडांच्या शेंड्यांनी कसे वर आले आणि मग त्याच्या पायाशी किनारा कसा फुटला, हे तिने मला नंतर इतके बारकाईने सांगितले, की मी ते पाहिलेच, असे आता वाटू लागले आहे.

शेवटी मीही तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. एरवी आम्ही समोरासमोर बसून बोलतो, आणि समोरासमोर बसले की माणूस उत्तराबरोबर चेहराही तयार करतो. इथे दोघींचे चेहरे समुद्राकडे होते. वीस वर्षांच्या ओळखीत जे निघाले नव्हते ते असे सहज निघाले, की मीच दचकले.

"अगं, मला खरं म्हणजे समुद्र फारसा आवडत नाही," ती क्षितिजाला उद्देशून म्हणाली.

"मग ही सहल कोणी ठरवली?"

"तुला आवडतो ना! म्हणून वही केली."

मला समुद्र आवडतो, हे खरे आहे. पण अंदमानचा विषय तिने काढला तेव्हा मी हो म्हटले होते ते तिला फार हौस आहे असे समजून. माझ्या मनात डोंगरात जायचे होते. हे मी तिला त्या डेकवरच सांगितले. ती हसली, पण मान न वळवता, त्यामुळे ते हसणे आधी बेटाकडे गेले आणि मग माझ्याकडे आले.

पावणेपाचला बोट लागली, म्हणजे धक्क्याला लागली. मैत्रिणीला लागली नाही. हे वाक्य तिने उतरता उतरता दोनदा म्हणून दाखवले. लक्ष्मणपूरचा सूर्यास्त गाठण्यासाठी रिक्षा पळवावी, असे माझ्या मनात होते. इथे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाचे आणि सूर्य सुमारे ब्याण्णव-त्र्याण्णव अंशांवरचा, त्यामुळे तो घड्याळाच्या मानाने तब्बल चाळीस मिनिटे आधीच घरी जातो, आणि हिवाळ्यात साडेपाचच्या सुमारास दिवस आटोपलेला असतो. सामान उतरेपर्यंत आकाश केशरी झाले होते. धक्क्यावरून दिसला तेवढाच सूर्यास्त आम्ही, पिशव्यांवर बसून, पाहिला. पंख्याचे खोके आणि अंडी घेऊन तो माणूस आमच्या आधीच निघून गेला.

पोहणे राहिले. ओहोटीत पायी जाऊन पाहायची खडकाची नैसर्गिक कमान दुसऱ्या दिवसावर ढकलली. भरती-ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, तिने त्याप्रमाणे पाचव्या पानावरची वेळ खोडून नवी लिहिली. चौथे पान तिने तसेच ठेवले.

दिवा घालवल्यावर मी पाठ टेकली आणि पलंग हळूच डावीकडे झुकला, मग उजवीकडे. जमिनीवर येऊन पाच तास झाले होते. बोट मला लागत नाही, हे मी किती वेळा बोलून दाखवले होते, ते आठवून मी गप्प पडून राहिले.

"तुझा पलंग हलतोय का गं?" अंधारातून तिने विचारले.

"हो," मी म्हणाले.

"मग बरं," ती म्हणाली, आणि लगेच झोपली.