चक्कीवर जाऊन ये

मे महिन्याच्या दुपारी नागपुरात माणसाला करण्याजोगी कामं फार उरत नाहीत. कूलरसमोर पेपर पसरून नखं कापणं हे त्यातलं एक. 2024 चा मे होता. डाव्या तर्जनीवर आलो आणि नेलकटर थांबलं. मतदानाची शाई. कातडीवरची केव्हाच गेली होती. नखावरची होती, पण जागेवर नव्हती. मुळाशी नवं कोरं नख उगवून आलं होतं आणि काळी रेघ वर सरकली होती. नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, तेवढीच.

ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते. 1962 पासून आपल्या बोटांना हीच लागते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, लावताना जांभळट दिसते आणि उजेड लागला की काळी पडते. म्हणजे बूथवरचा माणूस नुसती ओली काडी फिरवतो, पक्का रंग चढतो तो बाहेर उन्हात आल्यावर. उजेड हा सुट्या सुट्या कणांनी येतो असं आइनस्टाईननं 1905 साली सांगितलं. त्या कणांनीच माझं नख काळं केलं होतं. एप्रिलातल्या नागपुरात कणांची टंचाई नसते.

उजेडावरून सी. व्ही. रमण आठवले. 1910 च्या सुमाराला ते अर्थखात्याच्या नोकरीत इथे नागपुरात होते. वर्षभरही राहिले नाहीत, बदली होऊन कलकत्त्याला गेले, आणि 1928 साली तिथेच त्यांना तो परिणाम सापडला ज्याचं 1930 ला नोबेल मिळालं. इथेच हिशेब तपासत राहिले असते तर काय झालं असतं, हा आमच्या गावाचा आवडता विषय व्हायला हवा होता. पण त्यांच्या नावाच्या विज्ञान केंद्रात पोरांना न्यावं तर पोरं बाहेरच्या डायनासोरपासून हलत नाहीत.

असो. शाईकडे बघता बघता लक्षात आलं, की आपण मत देऊन महिना होत आला आणि निकालाचा पत्ता नाही. आमचं मतदान पहिल्या टप्प्यात, 19 एप्रिलला. मोजणी 4 जूनला. मधले 46 दिवस ती मतं कुलपात. मत दिलं तेव्हा व्हीव्हीपॅटच्या काचेआड 7 सेकंद चिठ्ठी दिसली, मी चष्मा सावरून नीट वाचली, मग ती खाली पडली आणि अंधार. मोजणी कळमन्याच्या मार्केट यार्डात होते, जिथे एरवी संत्र्यांचे लिलाव चालतात.

मला साहजिकच ते डब्यातलं मांजर आठवलं. श्रोडिंगर नावाच्या शास्त्रज्ञाचं. डबा उघडेपर्यंत जिवंतही आणि मेलेलंही. भाचा फिजिक्समध्ये एम.एस्सी. करतोय, आमच्याकडेच असतो. त्याला म्हटलं, बघ, आमचा उमेदवार सध्या निवडूनही आलाय आणि पडलाही आहे.

"मामा," तो म्हणाला, "त्या मांजराले सोडा आता."

त्याचं म्हणणं असं, की श्रोडिंगरनं 1935 साली ते मांजर काढलं तेच मुळी टर उडवायला. अणू-इलेक्ट्रॉनच्या या नव्या, क्वांटम गणितावर विश्वास ठेवायचा तर मांजराबद्दल असं काहीतरी म्हणावं लागेल, हे तुम्हाला पटतंय का, असं त्याला विचारायचं होतं. लोकांनी प्रश्न फेकून दिला आणि मांजर तेवढं पाळलं. आणि दुसरं, मशीनमधलं मत ठरलेलं आहे. ते फक्त तुम्हाले माहीत नाही. इलेक्ट्रॉनचं तसं नसतं, तिथे मोजेपर्यंत ठरलेलंच नसतं.

हे त्याला कसं कळलं, असं मी विचारलं. तर म्हणे आइनस्टाईनचाही हाच हट्ट होता, की ठरलेलं असणारच, आपल्याला दिसत नाही एवढंच. मग 1964 साली जॉन बेल नावाच्या माणसानं आइनस्टाईन बरोबर की हे नवं गणित, हे प्रयोगानं तपासायची युक्ती काढली, पुढे प्रयोग झाले आणि निकाल आइनस्टाईनच्या हट्टाविरुद्ध लागला. त्या प्रयोगांबद्दल आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर या तिघांना 2022 चं नोबेल मिळालं. एवढं सांगून तो फ्रीजमधलं कैरीचं पन्हं घेऊन आत गेला.

मला यातलं अर्धं कळलं. पण ठरलेलं आणि न ठरलेलं हा फरक आपल्या घरांत कधी कुणी मानला, हे मला सांगा. दहावीचा पेपर देऊन झालेला असतो, तपासून झालेला असतो, गुणपत्रिका छापून गठ्ठे बांधून झालेले असतात, आणि निकालाच्या सकाळी आई टेकडीच्या गणपतीला जाऊन येते. गणपतीनं नेमकं काय करावं अशी तिची अपेक्षा असते? बोर्डाच्या ऑफिसात जाऊन गणिताचे मार्क खोडावेत? तिला विचारायची सोय नव्हती. ती नारळ फोडूनच आली होती आणि मी पास झालो होतो.

आणि क्रिकेट. तिथे तर आम्ही सगळेच पक्के क्वांटमवाले.

31 ऑक्टोबर 1987. वर्ल्ड कपची भारत-न्यूझीलंड मॅच, आणि तीही आमच्या गावात, सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर. आम्ही तेव्हा सदरमध्ये राहायचो. तिकिटं कुणाला मिळाली नव्हती, पण घरात टीव्ही होता, म्हणून अर्धी गल्ली आमच्या बैठकीत. मोठे बाबा खुर्चीवर, बाबा दिवाणावर, बाकीचे सतरंजीवर. न्यूझीलंडची बॅटिंग चालली होती आणि विकेट पडत नव्हती. तेवढ्यात आईनं गव्हाचा डबा समोर ठेवला. चक्कीवर जाऊन ये.

मी रडलो, ओरडलो. काही उपयोग झाला नाही, रात्रीच्या पोळ्या व्हायच्या होत्या. डबा सायकलच्या कॅरियरला बांधला आणि निघालो. चक्कीवाल्याच्या भुवया, पापण्या, कानांवरचे केस, सगळं पांढरं. खुंटीला ट्रान्झिस्टर लटकवलेला, तोही पांढरा, आणि पट्ट्याच्या आवाजात त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. तो मात्र मान डोलावत होता. कशाला डोलावत होता कोण जाणे. माझा नंबर लागला, पीठ पडायला लागलं, त्यात हात घालून बघायची माझी सवय होती. गरम. आणि तेवढ्यात मैदानाच्या बाजूनं गलका आला. चक्कीच्या घरघरीच्या वरून आला. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, आणि तो थांबेचना.

घरी पोचलो तर बैठकीत कुणी जागेवर नव्हतं. "तीन गेल्या बे! ओळीनं तीन! तिघांच्याही दांड्या!" चेतन शर्मानं रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड असे तिघे लागोपाठच्या चेंडूंवर बोल्ड केले होते. वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली हॅट्ट्रिक, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी गरम पिठात हात घालून उभा.

पण माझ्या दुःखाकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. मोठे बाबा माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होते. "हा बाहेर गेला अन् पडल्या," ते म्हणाले. झालं. तिथून पुढे माझं आयुष्य ठरलं. समोरच्यांची बॅटिंग असली आणि जोडी जमली, की मी बाहेर. आपली बॅटिंग असली की मी सतरंजीच्या त्याच कोपऱ्यात, मांडी न मोडता. त्या दिवशी गावसकरनं अंगात ताप असताना 88 चेंडूंत नाबाद 103 केल्या, वनडेतलं त्याचं एकमेव शतक, आणि भारतानं एकच विकेट गमावून 32.1 षटकांत मॅच संपवली. ती एक विकेट पडली तेव्हा मी पाणी प्यायला उठलो होतो, असं मोठे बाबा शेवटपर्यंत सांगत.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, बघण्याचा आणि डोळ्यांचा काही संबंध नसतो मामा. इलेक्ट्रॉनसमोर दोन फटी ठेवल्या आणि तो कोणत्या फटीतून गेला याची खूण कुठे तरी उमटली, की झालं बघणं. तिथे माणूस नसला तरी चालतं, मग मोठे बाबा असायची गरजच नाही. मी म्हटलं, हे तू मोठ्या बाबांसमोर बोलला असतास तर तुलाही दळण घेऊन जावं लागलं असतं.

आता गंमत बघा. सदरच्या सतरंजीवर मांडी बदलली तर मैदानात दांडी उडते, असं मानणारी आम्ही माणसं. तिथे आपला काडीचा संबंध नाही आणि तिथे आपला पूर्ण भरवसा. टीव्हीवर लहान मुलांची गाण्याची स्पर्धा रंगात आली होती तेव्हा आमच्या मोठ्या आईनं अख्ख्या बिल्डिंगीतले मोबाइल गोळा करून एसेमेस पाठवले होते, एकेका फोनवरून पुन्हा पुन्हा, पैसे पडतात हे माहीत असून. "एका मतानं जाईन बिचारीचं," म्हणायची. आणि 19 एप्रिलला शुक्रवार होता. जोडून शनिवार-रविवार. आमच्या बिल्डिंगीतल्या गाड्या गुरुवारी रात्रीच पचमढीच्या रस्त्याला लागल्या. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका गृहस्थांना मी विचारलं, मतदान? तर म्हणाले, "आपल्या एका मतानं काय होते हो?" हेच गृहस्थ मॅचच्या दिवशी धुतलेला निळा टी-शर्ट घालत नाहीत, मागच्या विजयाचा घामट लागतो. नागपुरात तेव्हा 22 लाखांवर मतदार होते. मतदान झालं निम्म्याहून थोडं जास्त.

भाच्यानं एक प्रयोग मोबाइलवर दाखवला होता तो मला यावरून आठवतो. 1989 साली जपानमध्ये तोनोमुरा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडायचे, एक पोचल्यावरच दुसरा. पडद्यावर एक ठिपका उमटतो. मग दुसरा, भलतीकडेच. मग तिसरा. आठ-दहा ठिपक्यांत काही म्हणता काही दिसत नाही, कुणी धान्य सांडलंय असं वाटतं. ते तसंच सोडत राहायचे. हजारो झाले की हळूहळू पट्टे दिसायला लागतात, एक गडद, एक रिकामा, एक गडद, आखल्यासारखे. कोणता इलेक्ट्रॉन कुठे पडेल हे तेव्हाही कुणी सांगू शकत नाही. पट्टे मात्र दर वेळी तिथेच. मी तो व्हिडिओ पुन्हा मागे नेऊन पहिल्या ठिपक्यावर थांबवला आणि बराच वेळ बघत बसलो. भाचा म्हणाला, मामा, याच्यात बघण्यासारखं काही नाही, पुढे न्या.

निकालाच्या आधी, 1 जूनच्या संध्याकाळी, एक्झिट पोल आले. आमच्या मोठ्या आईला यांनी विचारलं असतं तर त्यांचं काय झालं असतं, या विचारानं मला हसू येत होतं. दारावर कोणत्याही पक्षाचं कुणीही आलं तरी ती एकच सांगते, "तुम्हालेच देतो ना बाप्पा, दुसऱ्याले कोणाले देऊ?" आणि खोटं बोलत नाही, त्या क्षणी तिला तसंच वाटत असतं. बटण दाबेपर्यंत तिचं काहीएक ठरलेलं नसतं. अशा किती मोठ्या आया देशात असतील. बहुतेक पोलनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या, प्रत्यक्षात 293 निघाल्या. आकडे चुकले म्हणून टीव्हीवर मोठमोठे लोक अवघडून बसले होते. भाचा म्हणाला, नमुना चुकला. मी म्हणालो, मोठी आई.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता. 29 जून, बार्बाडोस, वीस षटकांच्या वर्ल्ड कपची फायनल. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हव्या होत्या तेव्हा बैठकीत शांतता पसरली आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. घरात आता दळणाचा डबा नाही, आटा पिशवीतून येतो. तरी मी चपला घातल्या.

रात्रीचे साडेअकरा होत आलेले. खाली गेटपाशी चौकीदार प्लास्टिकच्या खुर्चीत मोबाइल धरून बसलेला. मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो, नियम म्हणजे नियम. शेवटच्या षटकात 16 हव्या आहेत, एवढं त्यानं सांगितलं. पहिल्याच चेंडूवर वरच्या मजल्यांवरून किंचाळ्या आल्या. मग शांतता. मग त्याहून मोठ्या किंचाळ्या. मी वळून बघितलं तर चौकीदाराच्या मोबाइलवर गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला उभा होता. त्याचा फोन अर्धा मिनिट मागे चालत होता. वर सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा झेल घेऊन झाला होता, खाली चेंडू पडायचाच होता, आणि चौकीदारानं दोन्ही हात जोडले होते.

मग काही वेळानं सगळ्या बाजूंनी फटाके सुटले, धरमपेठेकडे आभाळ लाल झालं, कुणी तरी गच्चीवरून शिट्ट्या मारायला लागलं. मी चौकीदाराचा खांदा धरून हलवला. म्हटलं, जिंकलो ना!

"थांबा साहेब," तो मोबाइलवरून नजर न हटवता म्हणाला, "अजून एक बॉल आहे."

वर येऊन भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, नेटवर्क स्लो असेल.